क्रांकवर घातलेलं नाव

आमच्या घरात कुठल्याही कामासाठी भरवशाचा माणूस शोधायची जबाबदारी माझ्यावर असते, कारण माझा कोणावरच भरवसा नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी जालन्यात विज्ञानाचा शिक्षक आणि वडील, म्हणजे आमचे दादा, धावड्याला शेतीवर. तिथे गोठ्याशेजारी त्यांची काळी विलायती मोटार उभी असायची, एका जुन्या डॉक्टरांकडून हौसेनं घेतलेली. इंजिन बसून आठ वर्षं झाली होती. आईच्या गुडघ्यांना एसटीची पायरी झेपेना, जीपमध्ये तिला मळमळायचं, त्यामुळे राजूरच्या गणपतीला जायचं राहूनच गेलं होतं. एक दिवस दादा म्हणाले, "एकदा हिला माझ्या हातानं राजूरला नेऊ दे. मंग गाडी खुशाल मोडीत घाल. तू फक्त भरोशाचं दुकान बघ."

दादा कधी कोणाकडे काही मागत नसत. मला फार बरं वाटलं, आणि तितकीच धास्तीही बसली.

गावच्या मेकॅनिकनं इंजिन खोललं. सुटे भाग पोत्यात भरून मी जालन्याला आणले आणि इंजिनचे भाग घासूनपुसून देणाऱ्या लेथवाल्यांची परीक्षा सुरू केली! मेव्हण्यानं बजावलंच होतं, "दाजी, अस्सल पार्ट काढून घेतात अन् नकली बसवतात. समजतबी न्हाई!" पहिल्या दुकानदारानं चहा पाजला. (एवढा आग्रह करतो म्हणजे काहीतरी लपवतोय!) दुसऱ्यानं पाजला नाही. (जो चहा देत नाही तो पार्ट काय परत देणार!) तिसरा आपणहून देवाची शपथ घ्यायला लागला, तिथून मी पळच काढला.

शेवटी जुन्या जालन्यात गफूर मिस्त्री भेटले. गाडी कोणाची, कुठल्या गावची, हे त्यांनी आधी विचारून घेतलं. क्रांक, म्हणजे इंजिनातला तो वेडावाकडा मुख्य दांडा, त्यांनी मापला, पुन्हा मापला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा मापला.

"मास्तर, हा बऱ्याचदा घासलेला हाय. आता एकदाच घासता येईल. पण नशीब बघा, बिलकुल चिकणा हाय, कुठं ओरखडा न्हाई. नुसतं पॉलिश करू. ठेवून जा."

ठेवून जा! "उद्या आणतो," म्हणालो आणि पोतं उचलून घरी आलो.

घरी बायको नवा स्टीलचा डबा पुसत होती. त्यावर नुकतंच नाव घालून आणलं होतं. "नाव घातलं की भांडं कोणाच्या लग्नात गेलं तरी परत येतं," ती म्हणाली. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला!

तासाभरात मी पोत्यासकट भांड्यांच्या दुकानात, नाव घालणाऱ्यासमोर हजर. पिस्टन उलटासुलटा करत त्यानं विचारलं, "हे रुखवताचं का वास्तुशांतीत वाटायचं?"

"इंजिनचं आहे. सगळ्यांवर माझं नाव घाला."

"सप्रेम भेट लिहू?"

"नको हो!"

त्यानं क्रांक मांडीवर घेऊन फिरवला. "खडबडीत जागी अक्षर उठत न्हाई, मास्तर. हे चिकणं हाय, इथं घालतो."

"बरोबर! खोल घाला, पुसायला नको." (हे विज्ञानाचा शिक्षक बोलला!) त्याचं यंत्र कर्रर्र करत राहिलं आणि मी शेजारी बसून वेलांट्या तपासत राहिलो.

दुसऱ्या दिवशी गफूर मिस्त्रींनी क्रांकवरचं फडकं काढलं आणि ते स्टुलावर बसले.

"ये क्या किया, मास्तर?"

"ओळखीसाठी. म्हणजे... बदलायला नको कोणी."

"अहो, हा चिकणा भाग बेरिंगमधी फिरतो! इथं केसाएवढा ओरखडा चालत न्हाई, तुम्ही तर अख्खं आडनाव लिवलं!"

"मग आता?"

"आता घासावाच लागंल. त्यात अक्षरं गेली तर ठीक. न्हाई गेली तर क्रांक भंगारात. दुसरा कुठंच मिळत न्हाई."

आईचं राजूर माझ्या आडनावाखाली अडकलं होतं! मिस्त्री मात्र रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. त्यांनी काही न बोलता तसंच पॉलिश करून दिलं असतं तर मला कळलंही नसतं. ज्या माणसाला मी गावभर शोधत होतो तो समोर बसला होता, आणि मी त्याला चोर ठरवूनच आत शिरलो होतो. मनापासून लाज वाटली.

आठ दिवसांनी दादा आणि मी सामान न्यायला गेलो. अक्षरं गेली होती! मी सुटकेचा निःश्वास टाकतोय तोच दादांनी विचारलं, "नुसतं पॉलिश करायचं होतं ना? मंग घासला कसा?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी लेथकडे पाहिलं.

"पुराना माल, दादा," मिस्त्री हळूच म्हणाले. "कधी कधी करावं लागतं." आणि मी, वर्गात पोरांना खरं बोलायला शिकवणारा, गप्प राहिलो.

इंजिन जोडून झालं, गाडी सुरू झाली. आई कोणाचा हात न धरता पुढच्या सीटवर बसली आणि दादांनी तिला राजूरला नेलं. ती देवापुढे कितीतरी वेळ हात जोडून उभी होती, आणि दादा टोपी काढून उगाच डोळे पुसत होते. ते बघून मला राहवेना. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून मी सांगून टाकलं, "दादा, क्रांक माझ्यामुळे घासावा लागला. मी त्यावर नाव घातलं होतं."

दादांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "म्हाईत हाय. मालकाला इचारल्याबिगर शेवटचं घासत न्हाई, असा मिस्त्रीचा निरोप त्याच दिवशी आल्ता. मीच म्हणलो, घासा."

"मग दुकानात मला का विचारलं?"

"तुझा भरोसा तपासून राह्यल्तो. मधीच मिस्त्रीला तुझी दया आली, त्याला मी काय करू!"

आईनं तोंडाला पदर लावला. इंजिनची काहीच तक्रार नव्हती. अख्ख्या गाडीत बिनभरवशाचा पार्ट एकच होता, आणि तो मागच्या सीटवर बसला होता!