पांढरा चट्टा

ओल्या बुटांना कुजलेल्या लव्हाळ्याचा वास आला की मला शिंदखेड्याकडचा तापीकाठ आठवतो. नदी चढत होती आणि गुरं कुठे हलवायची ते माझ्या नकाशावरून ठरणार होतं. उपग्रहावरच्या रडारच्या चित्रात उघडं पाणी काळं दिसतं, पण उभ्या लव्हाळ्यात पाणी साचलं की तो भाग पांढरा चमकतो. हे मला पाठ होतं. तरी आठवडाभर पडद्यासमोर बसून डोळे शिणले होते आणि एक पांढरा चट्टा मी कोरडी, झुडपी जमीन म्हणून रंगवून टाकला. गावात नकाशा दाखवला तेव्हा म्हशीवाल्या अक्का हसल्या. "तठे ढोरे बांधशात तर बठ्ठा बुडतीन, बाई. तुमना उपग्रहले पाय नहीत, तुमले त शेतस ना?" माझ्या पायांकडे बोट दाखवून त्यांनी मला काठावर नेलं आणि लव्हाळ्यात दगड भिरकावला. डुबुक. मी तिथेच उकिडवी बसून ती जागा नकाशावरच्या कोरड्या जागांतून खोडली. अक्का तोवर म्हशी घेऊन टेकाडाकडे निघाल्याही होत्या. आता माझे गुडघे कुरकुरतात, गाडीत डुलकी लागते. तरी चित्रात नदीकाठी पांढरा चट्टा दिसला की नकाशावर सही करण्याआधी मी बूट चढवते आणि काठावर पोचल्यावर आधी एक दगड शोधते.