दोन स्टारचे मोदक

आमच्या घरात कुणीही कुणाचे गुण विचारायचे नाहीत, हा नियम मी केला आणि तो चक्क तीन दिवस पाळला. (त्यातले दोन दिवस शाळेला सुट्टी होती.)

झालं असं, की आमच्या मुक्ताला आठवीच्या गणितात चाळीसपैकी अकरा पडले आणि तिने पेपर तांदळाच्या डब्यात लपवला. दिवेआगरात आमचं होमस्टे आहे. पाहुण्यांच्या भातासाठी डब्यात हात घातला, तर पेपर वर आला. अकरा गुणांपेक्षा पोर माझ्यापासून लपवते याचंच मला वाईट वाटलं. मग पालकसभेत ऐकलेलं भाषण मी तिला जसंच्या तसं ऐकवलं.

"गुणांचं काय घेऊन बसलीस? मेहनत महत्त्वाची. यापुढे पेपर लपवायचा नाही."

"मेहनत केली होती, बाबा. तरी अकराच."

भाषण तिथेच संपत होतं. मी म्हटलं, "माझ्याकडे बघ. जन्मात मोदक वळला नाही. आज पाहुण्यांसाठी मी वळणार, निकालाची फिकीर न करता."

"पाहुण्यांनी काय पाप केलंय?" शुभदा, म्हणजे आमची ही, म्हणाली.

एकवीस मोदकांना अडीच तास लागले. "उकड अजून मळा," असं ती चारदा म्हणाली. मी चारही वेळा "कळतं मला" म्हणालो. मोदकपात्राचं झाकण काढलं तेव्हा एकवीसच्या एकवीस फुटले होते आणि सारण खालच्या पाण्यात उतरलं होतं. तिने उरलंसुरलं वाट्यांमध्ये घालून वाढलं. पाहुण्यांमधले ठाण्याचे काका हसत हसत जेवले आणि निघताना मोबाइलवर अभिप्राय टाकून मोकळे झाले: 'यजमान कष्टाळू. मोदक चमच्याने प्यायलो. दोन स्टार.'

दोन? अडीच तास पाय मोडले माझे! मी स्कूटर काढली, मुक्ताला मागे बसवून तिच्या मांडीवर चार शहाळी ठेवली आणि काकांच्या मागे सुटलो. वाड्यांमधल्या अरुंद रस्त्यात समोरून एसटी आल्यामुळे काकांची गाडी अडकली होती.

"काका, निदान तीन तरी करा हो. मेहनत बघा."

काकांनी शहाळी घेतली आणि काच वर केली. स्टार दोनच राहिले.

परतताना मागून शांत आवाज आला. "बाबा, तुझा फोन तांदळाच्या डब्यात ठेवू का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी स्कूटर लावली. मग म्हटलं, "उकड नीट मळली गेली नाही. तुझी आई सांगत होती, मी ऐकलं नाही."

"माझंपण तसंच," ती म्हणाली. "न कळलेलं विचारलंच नाही बाईंना."

तेव्हापासून रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात ती गणितं सोडवते आणि मी उकड मळतो. अडलं की दोघंही विचारतो. नवी चाचणी झाली तेव्हा मी गुण न विचारायचा तो नियमही केला. परवा तिने नवा पेपर आपणहून माझ्या हातात दिला. मी फक्त तिने गणितं कशी सोडवलीत ते बघितलं, गुणांवर अंगठा ठेवून. (शुभदा साक्षीला आहे.) पोरीचा चेहरा असा फुलला, की मलाच भरून आलं.

मग मी पहिला न फुटलेला मोदक तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "खरं सांग, दहापैकी किती?"