तामितचा हापी

नाईलचं पाणी चढायला लागलं की हत्तीबेटावरून हापीचे निळ्या चकाकीचे छोटे छोटे पुतळे पाण्यात सोडायचे. ते घडवायचे फक्त तामितच्या घरात. आजीने घडवले, आईने घडवले, आता ती. हापी म्हणजे पुराचा देव. दाढी पुरुषाची, छाती बाईची, पोट सुटलेलं. यात कुणाला काही विचित्र वाटत नसे. अख्ख्या देशाला पाजणाऱ्याला बापही व्हावं लागतं आणि आईही.

त्या वर्षी आईच्या हातचा साचा भट्टीजवळ पडला आणि त्याचे तुकडे झाले. तामित घाबरली नाही. फुटला तर फुटला, म्हणाली, हात तर शाबूत आहेत. हाथोर देवीच्या साच्यातून छाती काढली, दुसऱ्या देवाच्या साच्यातून दाढीवालं डोकं काढलं, पोट हातानेच वळलं. गारगोटीच्या पुडीचे वीस हापी भाजून निळेशार करून ती देवळात घेऊन गेली.

म्हाताऱ्या पेन्नूत पुजाऱ्याने एक उचलला, उलटासुलटा केला.

"तामित, ही तर हाथोर आहे. हिला दाढी कुणी चिकटवली?"

बाकीचे पुजारी फिदीफिदी हसले. पेन्नूत मात्र हसला नाही. सहा दिवसांत खरा हापी आला नाही, तर हे काम उत्तरेच्या कारागिरांकडे जाईल, एवढंच बोलला. कायमचं.

घरी येईपर्यंत तिचं डोकं नुसतं तापलेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे म्हातारा बरोबर होता. ती छाती सोळा वर्षांच्या पोरीची होती. हापीची जड हवी, पाण्याने भरलेल्या पखालीसारखी. आईने कधी शिकवलंच नाही. साच्याला ठाऊक होतं म्हणून तिला शिकावं लागलंच नाही.

मग तिला केन्ना आठवला. तिचा धाकटा भाऊ, बिअर गाळणारा. त्या उन्हात गावचे सगळे पुरुष उघडे फिरायचे, आणि हा एकटा छातीवर कापड घट्ट गुंडाळून. लहानपणापासून त्याची छाती अशीच, भरलेली आणि ओघळलेली.

ती सरळ त्याच्या रांजणांपाशी गेली आणि म्हणाली, कापड काढ.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"माझं आहे. हापीचं अंग हरवलंय."

तो रांजण ढवळत राहिला. मग तिच्याकडे न बघताच म्हणाला, "घाटावर पोरं हापी हापी करत माझ्या मागे लागायची. तूही हसली होतीस."

तामितने नाकारलं नाही. "हसले होते. तेव्हा मला घडवता येत नव्हतं."

केन्नाने ढवळणं थांबवलं.

"पोट जरा कमी दाखव."

"पोट कमी केलं तर पूर कमी येईल. मग लोक तुलाच धरतील."

तो खदखदून हसला, आणि हसता हसताच कापड सोडलं. तिने पाहिलं. वजन कुठे बसतं, खाली घडी कशी पडते, हात त्यावर कसा टेकतो. दोन दिवसांत साचा झाला, पाचव्या दिवशी भट्टी उघडली.

पेन्नूतने अंगठा छातीवरून, पोटावरून फिरवला आणि डोळेच मिटले. "हा हापी." मग विचारलं, कुणाला बघून केलास?

"ते ज्याचं त्याने सांगावं, महाराज."

हापी सोडायच्या दिवशी सगळा गाव पायऱ्यांवर होता. ऊन भाजत होतं. एकेक करून ते गाळाने लाल झालेल्या पाण्यात गेले. केन्नाने छातीवरचं कापड काढलं, बुडवून पिळलं आणि डोक्याला बांधलं. लगेच मागून कुणीतरी जुनी हाक घातलीच, हापी.

केन्ना वळला, छाती उघडी, दोन्ही हात कमरेवर.

"बोल. बिअर तरी तुम्हाला कोण पाजतं?"

तामित सगळ्यांत मोठ्याने हसली. या वेळी तोही हसला.