खांदा हवा, नाव नको

यशवंत गवस रागीट आहे, हे गावात कुणालाही विचारा, लगेच सांगतील. राग कशाचा, ते मात्र विचारू नका. ते कुणाला ठाऊक नाही, कारण कुणी कधी त्याला विचारलंच नाही.

दोडामार्गाहून तो इकडे आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायला आला, आणि भाड्याची खोली घेतली ती डोंगराच्या पायथ्याशी. वर माउली देवीचं देऊळ. त्याच्या मूळ गावची देवीसुद्धा माउलीच, म्हणून पहिल्याच दिवशी तो तीनशे पायऱ्या चढून गेला. खाणी बंद पडल्या, मग तो पाण्याचा टँकर चालवू लागला. लग्न झालं, शालिनी आली, सोनाली झाली. मतदान इथं, रेशनकार्ड इथं. सव्वीस वर्षं झाली. तरी गावाच्या तोंडी तो भायलो, म्हणजे बाहेरचा.

जत्रेच्या महाप्रसादाला पाणी कोण चढवतं? यशवंत. खांद्यावर कॅन घेऊन एका दुपारी दहा-बारा खेपा. त्या पाण्याला कधी विटाळ झाला नाही हो! पालखीला मात्र झाला. आठ वर्षांमागे चढणीवर एका खांदेकऱ्याचा पाय घसरला, पालखी कलंडली, आणि बाजूला उभ्या असलेल्या यशवंताने धावत जाऊन दांड्याखाली खांदा दिला. देवी पडता पडता वाचली. शाबासकी राहिली बाजूला. भायल्याचा खांदा लागला म्हणून पालखीवर गोमूत्र शिंपडलं, आणि वर त्यालाच देवीपुढे पाच नारळ ठेवून क्षमा मागायला लावली. आणि या शहाण्याने ती मागितली! त्याबद्दल त्याला आजही स्वतःचाच राग जास्त येतो.

बरं, हे आपल्यापुरतं होतं तोवर त्याने गिळलं. गेल्या वर्षी सोनाली लग्नानंतर पहिल्यांदा ओटी घेऊन वर गेली. सकाळी सातला रांगेत उभी राहिली. गुरव कृष्णनाथ एकेकीला पुढे घेत होता. आधी महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या मानकरी घराण्यांच्या सुना, मग त्यांच्या लेकी, मग त्यांच्या पाहुण्या. सोनालीची ओटी घेतली दुपारी साडेबाराला, तीही उंबऱ्याबाहेरून. सोबत गेलेल्या शालिनीने विचारलं, तर कृष्णनाथ म्हणाला, "गाऱ्हाण्यात नाव असलेल्यांचा मान पयलो. तुमचा नाव खंय आसा?"

गाऱ्हाणं म्हणजे काय, तर गुरव सगळ्या गावाच्या वतीने देवीला मोठ्याने विनवतो. घराघराच्या कर्त्याचं नाव घेतो, याला सांभाळ म्हणतो, आणि लोक मागून "व्हय म्हाराजा" म्हणतात. तिथं नाव आलं की तो माणूस गावचा. यशवंताचं तिथं कधीच आलं नव्हतं. लेक रडत पायऱ्या उतरली, त्या दिवसापासून त्याला ते एकच हवं होतं.

आणि यंदा बघा कशी वेळ आली! जत्रेच्या आदल्या संध्याकाळी गोकुळदास स्वतः यशवंताच्या दारात. गोकुळदास म्हणजे देवस्थानाचा प्रमुख. आठ वर्षांमागे ते पाच नारळ ठेवायला लावणाराही हाच. गावची पोरं कुणी बोटीवर नोकरीला, कुणी लंडनला, उरलेली मांद्र्याच्या किनाऱ्यावरच्या गेस्टहाऊसांत, आणि हा त्यांचा ऐन सीझन. गोकुळदास आणि त्याचे दोन पुतणे मिळून तीन खांदे झाले होते. चौथा मिळत नव्हता.

"ड्रायव्हर, फाल्या पालखीक एक खांदो कमी पडता. तू येतलो मरे?"

यशवंताच्या डोक्यात तिडीक गेली. "आठ वर्सांमागे ह्योच खांदो इटाळाचो होतो. आता शुद्ध झालो? कोणी केलो?"

"जुन्यो गजाली कित्याक काडटा?"

"जुन्यो? माझ्या चेडवाक पाच तास उन्हात उभा केलास, ती जुनी गजाल? गाऱ्हाण्यात माझा नाव घेतलास तर येतंय. नायतर तुमची पालखी तुमीच न्हेवा."

"घेतूया रे. नाव घेवपाक काय लागता?" गोकुळदास हसून म्हणाला आणि चालता झाला.

शालिनी चुलीपाशी सगळं ऐकत होती. "अवो, देवीन तुमका काय केल्यान? तिच्येर राग काढू नकात."

"देवीर नाय राग. तिच्या दारात बसलेल्यांचेर आसा."

दुसऱ्या दिवशी पालखी खालून निघाली. एकदा खांद्यावर घेतली की देवळात पोचेपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही, हा नेम. पुढे गोकुळदास आणि यशवंत, मागे दोघे पुतणे. तीनशे पायऱ्या. अर्ध्यावरच गोकुळदासची मान वाकडी झाली, पण बदलीला खांदाच नव्हता; सोबत चालणाऱ्यांत सगळे म्हातारे आणि बायका-पोरं. वर देवळाच्या दारासमोर पालखी थांबली. आत जाण्याआधी तिथं गाऱ्हाणं होतं. ढोल थांबले. कृष्णनाथाने हात जोडले आणि नावं सुरू केली. एकेक घर आलं. लंडनला असलेल्यांचीही नावं आली. प्रत्येकाला लोक "व्हय म्हाराजा" म्हणत होते. यशवंत कान देऊन ऐकत होता.

"...आनी बाकीचे सगळे भक्तगण, तेंका सांभाळ गे माउली!"

"व्हय म्हाराजा!"

संपलं. ढोल वाजले. मागच्या दोघांनी पाय उचलला, गोकुळदासनेही उचलला. यशवंताने नाही उचलला. पालखी जागच्या जागी हिसकली आणि थांबली.

"चल रे!" गोकुळदास दातओठ खात म्हणाला.

"नाव."

"मागीर सांगतां तेका. चल, देवी खोळंबल्या!"

"मी सव्वीस वर्सां खोळंबलंय. देवी माका समजून घेयत. नाव घेवा, नायतर हयच उभो ऱ्हवतलंय."

ढोल परत थांबले. गर्दी कुजबुजायला लागली. कुणीतरी ओरडलं, भायल्यांचो माज बघा. यशवंताने तिकडे पाहिलंही नाही. दांडा त्याच्याही खांद्यात रुतत होता, पण पाण्याचे कॅन वाहून तो खांदा तयार झालेला होता. गोकुळदासचे पाय मात्र लटलटायला लागले. "कृष्णनाथ, घे रे, घे तेचा नाव!"

कृष्णनाथ लगबगीने पुढे आला. हात जोडले, तोंड उघडलं, आणि तसाच राहिला. मग यशवंताच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला,

"नाव काय रे तुझा?"

याच कृष्णनाथाच्या घरच्या लग्नाला यशवंताने दोन टँकर पाणी पोचवलं होतं. याच्याच आईला आजारपणात इस्पितळात नेलं होतं. यशवंताच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून त्याला आणखी राग आला.

"यशवंत धाकू गवस!" तो ओरडला. सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा ओरडला.

"यशवंत धाकू गवस," कृष्णनाथ चाचरत म्हणाला, "हेका, हेच्या घराक सांभाळ गे माउली."

बायकांतून शालिनीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!" एकटीचाच. यशवंत हलला नाही. पुतणे मागून कण्हायला लागले. शेवटी गोकुळदासने घामाने थबथबलेला चेहरा वर केला आणि जिवाच्या आकांताने ओरडला,

"व्हय म्हाराजा!"

मग सगळे म्हणाले. ते खांद्याच्या कळेने निघालंय, मायेने नव्हे, हे यशवंताला पक्कं कळलं. त्याने गोकुळदासकडे एकदा पाहिलं आणि पाय उचलला.