रस्त्यातली केळ

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. ही वही मुलीची, मागची पानं कोरी होती म्हणून घेतली. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, पण वहीला कोण घाबरतं? तर, इथे पनवेलात आमच्या गल्लीच्या मधोमध केळीचं बन झालं होतं आणि त्याला पाणी मी घातलं होतं.

मुळात तिथे खड्डा होता. पाइप टाकायला माणसं आली, त्यांनी खणलं, पाइप टाकला, आणि बुजवायचं काम दुसऱ्या खात्याचं म्हणून निघून गेली. रिक्षावाले गल्लीच्या तोंडाशीच थांबायचे. "उतरा ताई, इथून पुढे होडी लागेल." माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेले. दिवसाआड त्यांना शेक घ्यायला दवाखान्यात न्यायचं असे. रिक्षात बसल्यावर दवाखाना जवळच, पण घरापासून रिक्षा गाठायची म्हणजे परदेश! सगळा भार माझ्या खांद्यावर टाकून त्या चालायच्या आणि वाटेत भेटेल त्याला सांगायच्या, "सुनेला आधार देते हाय."

वर्ष उलटलं तेव्हा आमच्या ह्यांनी मोबाइलवरून तक्रार केली. काही दिवसांनी उत्तर आलं की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. हे हातातला चहा तसाच ठेवून बाहेर पळाले. (न जाणो, रात्रीत बुजवला असेल.) खड्डा जागच्या जागी होता. उत्तरासोबत फोटोही होता. त्यातला रस्ता इतका गुळगुळीत, की सासूबाई म्हणाल्या, "मंग तितंच ऱ्हायला जाव आपन."

तेव्हा ह्यांच्या डोक्यात आंदोलन शिरलं. कुठल्याशा गावात लोकांनी खड्ड्यात झाड लावलं होतं, ते ह्यांनी मोबाइलवर बघितलं. लगेच नेऱ्याला मावसभावाकडे जाऊन केळीचं रोप आणलं, खड्ड्यात लावलं आणि शेजारी पाटी ठोकली: 'इथे एक रस्ता होता. कुणास सापडल्यास कळवावे.' खाली स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर. हरवलं-सापडलंच्या पाटीवर नंबर हवाच, असं ह्यांचं म्हणणं.

"आता बघ," हे मला म्हणाले. "चार दिवसांत झाड सुकणार. सुकलेल्या झाडाचा फोटो पेपरात देतो. लाजच वाटली पाहिजे साहेबलोकांना."

आता मला सांगा, दारासमोर झाड सुकतंय आणि आपण बघत बसायचं? दुसऱ्या दिवशी त्याने मान टाकली. मी तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत ओतायला निघाले होते, ते हळूच तिकडे ओतलं. तिसऱ्या दिवशीही ओतलं. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं आणि गुडघे चोळायला घेतले.

आठवड्याने हे खड्ड्याशी कंबरेवर हात ठेवून उभे. "अगं, हे सुकत का नाही?"

मी म्हटलं, "माती चांगली असेल."

मग त्या केळीने जे अंग धरलं! पावसाळ्यात तर मला सुट्टीच होती. दसऱ्यापर्यंत ती आमच्या पत्र्याला लागली आणि बुडाशी चार-पाच पिल्लं. पार्सलवाली पोरं फोनवर एकमेकांना सांगू लागली, "केळीपासून डावीकडे." समोरच्या नव्या बिल्डिंगमधल्या मॅडमनी भोवती विटांचं गोल कडं केलं, त्याला रंग दिला आणि रोज सकाळी तिथे उभं राहून स्वतःचे फोटो काढू लागल्या.

"वहिनी, किती सुंदर! तुमच्या मिस्टरांना खरंच निसर्गाची आवड आहे हं."

हे दात-ओठ खात म्हणाले, "मॅडम, ते आंदोलन आहे."

"हो ना, ग्रीन आंदोलन. आय लव्ह इट."

दिवाळी झाली आणि एका सकाळी खरोखरच डांबराची गाडी आली, मागून रोलर आला. डांबराचा वास मला अत्तरासारखा वाटला. सासूबाई तर पातळ बदलून तयार झाल्या, दारात रिक्षा येणार म्हणून. तेवढ्यात मॅडम धावत आल्या आणि त्यांनी केळीला मिठी मारली. "आधी मला उचला, मग झाडाला हात लावा!" केळीला काय जोर? केळ वाकली, तिच्याबरोबर मॅडमही वाकल्या, पण हात सोडेनात.

कामावरचा मुकादम इतका खूश झाला की काय सांगू. त्याने कागदावर लिहिलं, रहिवाशांचा विरोध.

"अहो, मी रहिवासी आहे," हे ओरडले. "माझा विरोध नाही!"

"झाड कुणी लावलं?"

"मीच."

"मग?"

रोलर उलटा फिरला, आणि आठवड्याच्या आत पाटीवरच्या नंबरवर महापालिकेतल्या साहेबांचा फोन आला. सार्वजनिक रस्त्यात झाड लावून अडथळा केल्याबद्दल पाचशे रुपये दंड! निदान ते काढायची परवानगी घ्यावी म्हणून आम्ही दोघं ऑफिसात गेलो. (मी फक्त पिशवी धरायला.) झाडांच्या खिडकीवरची बाई म्हणाली, "केळ झाडात धरत नाहीत. आमच्याकडे येत नाही."

"मग झाडाचा दंड रद्द करा," हे म्हणाले.

"दंड झाडाचा नाही, अडथळ्याचा आहे. तो बाजूच्या खिडकीत."

बाजूच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "अडथळा काढायचा तर आधी झाडांवाल्यांचं पत्र आणा."

महिन्याची अखेर होती. पाचशे रुपये सासूबाईंनी दिले, त्यांच्या शेकाच्या पैशातून. ह्यांना म्हणाल्या, "उसने हायेत, भेट नाय." आणि माझ्या खांद्यावर हात टाकून रिक्षाकडे निघाल्यावर हळूच मला म्हणाल्या, "पानी तुजं, तवा दंडबी तुजा." त्यानंतर चार वेळा त्यांचा शेक चुकला. रात्री उठताना त्या भिंत धरायच्या आणि मी उठून त्यांचा दुसरा हात धरायची.

माघ महिन्यात एक दिवस दुपारी दारात मोटरसायकल थांबली. तेच साहेब, दंडाची पावती फाडायला आलेले. हातात हेल्मेट, चेहरा पडलेला.

"आजी, आमच्या ऑफिसात संध्याकाळी सत्यनारायण आहे. चौरंगाला केळीचे खांब बांधायचे राहिले. बाजारात एक नाही मिळाला. तुमच्या दारातले चार देता का?"

मी आत पळाले आणि पडद्याआडून ऐकू लागले.

"देव की," सासूबाई म्हणाल्या. "पाचशे होतील."

"आजी, पूजेचं काम आहे."

"दंड पन तुमी पूजेसारकाच घेतलाव."

घासाघीस होऊन चारशेवर तुटलं. साहेबांनी नोटा सासूबाईंच्या हातावर ठेवल्या आणि कोयता मागू लागले.

"थांब रं. आदी खड्डा भर."

"उद्या माणसं पाठवतो."

"मंग खांब पन उद्याच ने."

"पूजा आज आहे हो."

"खड्डा पन आजच हाय."

साहेबांनी तिथेच फोन लावला. जे काम दोन वर्षांत झालं नाही ते चहा उकळेपर्यंत सुरू झालं. मॅडम नोकरीवर गेल्या होत्या, म्हणून मिठीचा प्रश्न आला नाही. खांब निघाले, बुंधा निघाला, खडी पडली, डांबर पडलं, रोलर फिरला. दुसऱ्या दिवशी रिक्षा थेट ओट्याला लागली आणि सासूबाई तीत अशा बसल्या की जणू निवडून आल्यात.

आता सवयीचं काय करायचं? सकाळी तांदूळ धुतले की माझे पाय आपोआप तिकडे वळत. डांबरावर पाणी ओतून झाल्यावर मला कळायचं की इथे आता काही नाही. असं रोजच होऊ लागलं.

परवा हे तिथेच कंबरेवर हात ठेवून उभे. "अगं, इथे परत खळगा पडायला लागलाय. एवढ्यात कसा?"

मी म्हटलं, "डांबर चांगलं नसेल."

ओट्यावरून सासूबाईंनी खळग्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं.

"शंबर रुपये ऱ्हायलेत गो," त्या म्हणाल्या.

मी आत गेले, शंभराची नोट आणली आणि त्यांच्या हातावर ठेवली. पाचशेच्या पाचशे फिटले.