बटन बंद केलं का वं?

माझा आवाज मोठा आहे. साठ पोरांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायला पाहिजे म्हणून तो तसा झाला आणि घरी आल्यावर लहान करायचा राहून गेला. आई म्हणायची, "मी काही बहिरी नाई बाप्पा, हळू बोल न." बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी लग्न केलं नाही, तिनं त्याबद्दल बोलणं सोडलं नाही, आणि तसं आमचं बरं चाललं होतं.

नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद ठेवून कोणी जगून दाखवावं. आमचा कूलर हॉलच्या खिडकीत, त्याची हवा सरळ स्वयंपाकघरात. त्या उन्हाळ्यात दोनदा हवेनं गॅसची बारीक ज्योत विझली आणि आईला कळलं नाही. तिचं नाक कधीचंच कामातून गेलं होतं. दुसऱ्या वेळी मी बाजारातून आले तर फाटकापाशीच वास. आत आई ओट्याजवळ खाली बसून निवांत तांदूळ निवडत होती. वर गॅस फुसफुसत होता. मी आधी कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि मग अशी ओरडले की शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या.

"मरायचं आहे का तुला? मरायचं आहे?"

आई म्हणाली, "आता त्याच्यात काय, लक्ष नाई गेलं." निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ मात्र तिनं एकत्र करून टाकले होते. मला तेव्हा ते दिसलं नाही, म्हणजे दिसलं, पण राग ओसरत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी दोन प्लेटची विजेची शेगडी आणली.

आईला ती पाहूनच आवडली नाही. "जाळच नाई. मंग भाजीले कसं समजते का शिजायचं हाये म्हणून?" वांगं कुठं भाजायचं, पापड कुठं भाजायचा, हे तिचे प्रश्न होते. माझी उत्तरं तयार होती. मी तिला वर्गात शिकवावं तसं शिकवलं. प्लेट काळीच दिसते, म्हणून थंड समजायची नाही. बंद केल्यावरही बराच वेळ हात लावायचा नाही. जवळ फडकं ठेवायचं नाही, वायर प्लेटला टेकू द्यायची नाही, ओल्या हातानं काही करायचं नाही. आणि सगळं झालं की नुसता शेगडीचा खटका फिरवून भागत नाही, भिंतीवरचं पॉवरचं बटन बंद. ते बटन ओट्याच्या दुसऱ्या टोकाला होतं.

आठ दिवसांत ती माझ्या पुढे गेली. प्लेट बंद केली तरी आच उरते हे मी तिला भीती म्हणून सांगितलं होतं, तिनं त्याची सोय करून घेतली. वरण अर्धवट असतानाच खटका बंद करायची आणि उरलेल्या आचेवर ते निवांत होऊ द्यायची. "पाय बरं," मला दाखवायची, "फुकटात शिजून राहिलं." मला कौतुक वाटायचं, पण तोंडातून यायचं ते एकच. हॉलमध्ये वह्या तपासत बसलेली असायचे, तिथूनच ओरडायचे, "आई, बटन बंद केलं का वं?"

"केलं वं माय, केलं!"

दिवसातून चारदा, सहादा. शेजारच्या काकू गमतीनं म्हणायच्या, तुमच्या घरचं बटन आम्हालाच पाठ झालं आहे.

जूनमध्ये आई म्हणू लागली, "शेगडीपाशी उभी राहिली का हाताले झिणझिण्या येतात." मी म्हटलं, साखर वाढली असेल, आंबे कमी खा. तिनं आंबे सोडले. आंबे म्हणजे तिचा जीव, पण तिनं सोडले आणि वर मला सांगितलं की आता थोडं बरं वाटून राहिलं. बरं काय वाटणार होतं, कपाळ! पंधरा दिवसांनी मी भांडी विसळता विसळता ओल्या हातानं शेगडीवरची कढई सरकवली आणि कोपरापर्यंत सणक गेली. तशीच मटकन खाली बसले. पंधरा दिवस माझी आई करंट खात होती आणि मी तिचे आंबे बंद केले होते.

इलेक्ट्रिशियन आला. आमच्याच वस्तीतला, बाबांना ओळखणारा माणूस. त्यानं शेगडीच्या पत्र्याला टेस्टर लावला, तो पेटला.

"ताई, शेगडी चांगली हाये. तुमचं अर्थिंग मेलं," तो म्हणाला. "थोडासा करंट अशा शेगडीच्या बॉडीत उतरतेच. थो वायरीतून जमिनीत गेला पाहिजे. जमिनीत जाऊन नाई राहिला, म्हणून काकूच्या अंगातून जाऊन राहिला. अर्थिंगचा खड्डा कुठं हाये?"

खड्डा अंगणाच्या कोपऱ्यात होता. बाबा दर उन्हाळ्यात त्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतायचे आणि मी त्यांची थट्टा करायचे, "बाबा, काय पेरलं तिथं?" ते नुसते हसायचे. ते गेल्यावर मी स्कूटी लावायला म्हणून अंगणभर गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवून घेतले. लाल-पिवळे, नक्षीचे. खड्डा त्यांच्याखाली गेला, पाणी बंद झालं, माती कोरडी ठणठणीत झाली.

"गट्टू काढा, खड्डा नवीन करू, मीठ-कोळसा भरू," तो म्हणाला. "तोपर्यंत ही शेगडी वापरू नका. अन् वापरलीच तर पायात कोरडी रबरी चप्पल, अन् हात कोरडे."

त्यानं सांगितलेल्या सगळ्यातलं मी फक्त शेवटचं ऐकलं. एवढ्या हौशीनं बसवलेले गट्टू उखडणं माझ्या जिवावर आलं. म्हटलं पाऊस येतोच आहे, चिखल होईल, पावसाळा जाऊ दे. मग महालक्ष्म्या आल्या, घरात खोदकाम नको. मग दसरा. मग दिवाळीनंतर बघू. तो दोनदा रस्त्यात भेटला, दोनदा आठवण दिली, आणि मी दोनदा "हो भाऊ, करायचंच आहे" म्हटलं.

चपला मात्र मी त्याच दिवशी आणल्या. निळ्या पट्ट्याच्या, जाड तळाच्या. आईनं पाहिल्या आणि म्हणाली, "चांगल्या हायेत. बाहेर घालीन."

"बाहेर नाही, स्वयंपाकघरात घालायच्या."

ती माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू मी काही घाण बोलले. "स्वयंपाकघरात चपला? काहून? अन्नपूर्णा राहते थं."

मी सांगितलं की नव्या आहेत, रस्ता पाहिलेला नाही त्यांनी, देव्हाऱ्यासारख्या स्वच्छ आहेत. "चप्पल थे चप्पल," ती म्हणाली. मी चिडले, ओरडले, अन्नपूर्णेला काय काय बोलले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि दोन्ही दिवस आंघोळ करून ओल्या पायांनी, अनवाणीच त्या शेगडीसमोर उभी राहिली. तेव्हा मीच हरले. माळ्यावरून बाबांचा जेवायचा पाट काढला, शेगडीसमोर ठेवला. लाकडातून करंट जात नाही, एवढं मला येत होतं. मला वाटलं, काय युक्ती काढली! आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, दुसरं काय. खोदायचं होतं अंगणात, मी पाट मांडला ओट्यापाशी.

आई पाटाजवळ बराच वेळ थांबली. "ह्या पाटावर थे जेवले. अन् मी पाय देऊ?"

"द्यायचा. नाहीतर स्वयंपाक मी करीन."

ही धमकी होती आणि ती धमकी आहे हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. स्वयंपाकघर गेलं तर तिच्याजवळ काही उरत नव्हतं. तिनं वाकून पाटाला हात लावला, हात कपाळाला लावला, आणि चढली. पुढं रोज तसंच. चहा करायचा असला तरी आधी नमस्कार, मग पाय.

पण खोटं काय सांगू, दोन-चार दिवसांत तिला ते आवडलं. आई ठेंगणी, ओटा बांधला होता बाबांच्या बहिणीच्या उंचीचा. चाळीस वर्षं ती टाचा उंच करून कढईत पाहत होती. "आता बराबर दिसते बाप्पा," ती म्हणाली. "थे असते तर म्हटले असते, काय वं, मोठी झाली का?" आणि पदर तोंडावर घेऊन हसली. तिला तसं हसताना मी बाबा गेल्यावर पहिल्यांदाच पाहिलं.

डिसेंबरमध्ये सांबार स्वस्त झाला. इकडे आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो, आणि हिवाळ्यात त्याच्या वड्या केल्या नाहीत तर हिवाळा आला असं आई मानत नसे. रविवार होता. वड्या तळून झाल्या होत्या, मी दोन खाल्ल्या होत्या, तिनं सोबतच्या कढीला फोडणी दिली होती. मी हॉलमध्ये चाचणीचे पेपर तपासत होते. वास छान सुटला होता. मान वर न करता मी ओरडले, "आई, बटन बंद केलं का वं?"

"थांब वं, करतो," ती म्हणाली.

ती बटनाकडे वळली. पाटाची कड तिच्या ध्यानात राहिली नाही.

आवाज फार मोठा नव्हता. मी धावले. आई फरशीवर पडलेली, वर कढी उतू जाऊन प्लेटवर चर्रचर्र जळत होती. मला वाटलं करंट. आणि मी आधी आईकडे गेले नाही. तिला ओलांडून भिंतीपाशी गेले आणि बटन बंद केलं. मग तिच्याजवळ बसले. करंट लागलेल्या माणसाला आधी हात लावायचा नसतो, आधी वीज बंद करायची असते, हे अगदी बरोबर आहे. मी ते वर्गात शिकवते. तरी तिनं खालून मला पाहिलं होतं, ओलांडून जाताना.

"करंट नाई लागला वं," ती म्हणाली. "पडली मी. तू भेऊ नको."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. ती दवाखान्यात असताना मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं माणूस लावून कोपऱ्यातले नऊ गट्टू काढले, मी मोजले. खड्डा केला, पाइप घातला, मीठ आणि कोळसा भरला, पाणी ओतलं. टेस्टर लावला, तो पेटला नाही. सकाळी आला होता, माझ्या जेवणाच्या वेळेपर्यंत काम संपलं. सहा महिने मी टाळलं ते एवढंच होतं. वरातीमागून घोडं नाचवत मी त्याला चहा करून दिला, आणि तो कप तसाच ठेवून म्हणाला, "काकू कशी हाये?" मी कप त्याच्यापुढं सरकवला.

आई घरी आली ती पलंगावर. पलंग हॉलमध्ये लावला, जिथं मी वह्या तपासायचे तिथंच. आता स्वयंपाकघरात मी आणि हॉलमध्ये ती.

"बटन बंद केलं का वं?" ती विचारायची. तिचा आवाज बारीक, मला दोनदा विचारावं लागायचं काय म्हणाली म्हणून. पहिल्यांदा तिनं विचारलं तेव्हा आम्ही दोघी हसलो. नंतर मी दमायला लागले. शाळा, स्वयंपाक, तिचं अंथरूण. एक दिवस मी वसकन ओरडले, "केलं! केलं! कितीदा विचारशील?" तिनं पांघरूण नीट केलं. मग म्हणाली, "खड्डा केला म्हणते, आता अनवाणी चालते न थं?"

"चालतं."

"मंग मी उठली का अनवाणीच करीन. थो पाट ठेवून दे वर, त्याइचा हाये."

ती उठली नाही. छातीत कफ भरला आणि फेब्रुवारीत गेली. सगळे म्हणाले, या वयात खुबा मोडला की असंच होतं. म्हणू देत. ती शॉकनं मेली नाही, गॅसनं मेली नाही. मी तिला सगळ्यापासून वाचवलं आणि माझ्या एका हाकेनं ती पडली.

विधीला मीच बसले. दान द्यायच्या वस्तू गुरुजींनी आधीच सांगितल्या होत्या: छत्री, काठी, पाण्याचं भांडं, पायातलं काही. पुढची वाट तापलेली असते म्हणतात, गेलेल्या माणसाचे पाय भाजू नयेत म्हणून. भाचे-पुतणे म्हणाले, बाजारातून चपला आणतो. मी म्हटलं, घरात आहेत. कपाटातून खोका काढला. निळ्या पट्ट्याच्या, जाड तळाच्या. आतला कागदही तसाच होता.

गुरुजी म्हणाले, नाव घ्या, गोत्र घ्या, आणि मनात म्हणा की ह्या तिला पोचोत. मला मनात बोलता येत नाही. माझा आवाज मोठा आहे. मी चपलांवर पाणी सोडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तिथं तरी घाल वं आई."