दामाशेटची जोड आणि जोमाचे दोन पवित्रे

लग्न असो, मयत असो, की होडीला डांबर लावायचं असो, उरणची चार जुनी माणसं एकत्र बसली की दामाशेटच्या बॉक्सिंगचा विषय निघतोच. एकानं किस्सा सांगितला की दुसरा म्हणतो, "तसं न्हाय, खरं वेगळंच होतं." म्हणून हे किस्से आटत नाहीत, वाढतच जातात. मी सांगतो ते मात्र जवळून पाहिलेलं आहे. मोरा बंदरावर माझं शिडं शिवायचं काम. दामाशेटचे बॉक्सिंगचे हातमोजे फाटले, ते शिवायला माझ्याकडे आले आणि मोज्यांच्या मागोमाग मीही त्या मंडळीत ओढला गेलो. पुढे दामाशेटच्या बॉक्सरच्या, जोमाच्या, कोपऱ्यात पाण्याची बादली घेऊन उभं राहायचं कामही माझ्याकडेच आलं.

पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. दामाशेटचं मोऱ्याला कौलांचं आणि लाकडाचं दुकान. मुंबईत गोऱ्या खलाशांची बॉक्सिंग बघून आला आणि त्यालाही नाद लागला. कुस्तीत जोड लावतात तशी हा बॉक्सिंगची जोड लावायचा. मिठाच्या वखारीसमोर चार वासे ठोकून दोर बांधले की झाली रिंग. गर्दी व्हायची ती हेवीवेटला. पण तेवढ्या वजनाची माणसं थोडी, त्यामुळे जोड मिळणं कठीण. मुंबईहून मिनेझिस नावाचा एक जोड लावणारा आपला भारी माणूस आणायचा, आमच्याकडून करंज्याचा जोमा कोळी.

दामाशेट आणि मिनेझिस एकमेकांशी फार गोड बोलत. पण मिनेझिसनं चहा मागवला की दामाशेट म्हणायचा, "आधी तुमी घ्या." मिनेझिसही लगेच घ्यायचा नाही. दोघांचा चहा थंड व्हायचा.

*

जोमा उंच, हाडापेरानं मोठा, पण हेवीवेटला वजन थोडं कमी पडायचं. एकदा लढतीआधी मिठाच्या काट्यावर त्याचं वजन करायचं होतं. दामाशेटनं सकाळपासून त्याला पेज पाजत ठेवलं होतं. जोमा काट्यावर चढला आणि वजन भरलं.

मिनेझिसनं काटा तपासला. वजनाचे दगड तपासले. जोमाचा लंगोट झाडायला लावला. काही सापडेना. मग तो जोमाच्या पोटाकडे बघत म्हणाला, "याच्या पोटात काहीतरी आहे."

"पेज हाय," दामाशेट म्हणाला. "काढून दाखवू?"

*

जोमाची खुबी वेगळीच होती. साधा बॉक्सर डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो आणि जोराचा ठोसा उजव्या हातात राखून ठेवतो. डावखुरा याच्या उलट. जोमानं मात्र लहानपणापासून होडीच्या दोन्ही बाजूंनी वल्हं मारलेलं, त्यामुळे दोन्ही हात सारखेच चालायचे. लढता लढता पाय बदलायचा, आणि समोरच्याला कळायच्या आत उलट्या पवित्र्यात उभा. ही गोष्ट मुंबईला कळू नये म्हणून दामाशेटचा जीव खालीवर व्हायचा.

एक दिवस करंज्याला एक इस्त्रीच्या कोटातला माणूस मासळी घ्यायला आला. दामाशेट तिथंच होता. तो जोमाला बाजूला घेऊन म्हणाला, "ह्यो मिनेझिसचा माणूस. माशाकडं बघत न्हाय, तुझ्या हाताकडं बघतोय."

मग जोमानं सगळं डाव्या हातानं केलं. टोपली उचलली, कोयता घेतला, विडी ओढली. आजूबाजूचे दहाजण काम सोडून त्या पाहुण्याकडे टक लावून उभे. माणूस घाबरला आणि काही न घेता निघून गेला. पुढे कळलं की तो खरंच मासळीचा व्यापारी होता. जोमाची बायको येसू त्या दिवशीचं गिऱ्हाईक गेलं म्हणून दामाशेटवर खवळली.

दामाशेट शांतपणे म्हणाला, "तो व्यापारी हाय असं सांगितलं कोणी? त्यानंच ना?"

*

येसूला बॉक्सिंग आवडायचं नाही. जोमा संध्याकाळी दारात उभा राहून पाय बदलायचा सराव करायचा. डावा पुढे, उजवा मागे, मग उलट. येसू चुलीजवळून बघायची. समोरच्या घरात नुकतीच एक विधवा बाई राहायला आली होती. येसूनं दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, "कोणाची वाट बघताव?"

"सराव करतोय."

"तोंड तिकडंच करून?"

जोमानं तोंड फिरवलं. नवऱ्यानं एका शब्दात ऐकलं म्हणून तिचा संशय आणखीच वाढला.

त्याच आठवड्यात मिनेझिसच्या माणसाशी लढत होती. मागच्या वेळी जोमा डावखुऱ्यासारखा लढला होता, म्हणून मिनेझिसनं आपल्या माणसाला तशीच तयारी करून आणलं होतं. या वेळी जोमा सुरुवातीपासून उजव्यासारखा उभा राहिला. मिनेझिसनं लढत थांबवली. "हा तो माणूस नाही," तो म्हणाला. "हा त्याचा जुळा भाऊ असणार."

दामाशेटनं शपथ घेतली, पण त्याच्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार? शेवटी मिनेझिसला गर्दीत येसू दिसली. त्यानं अदबीनं विचारलं, "बाई, हा तुमचाच नवरा ना?"

येसूनं जोमाकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"मलाबी तोच संशय हाय," ती म्हणाली.

*

शेवटची लढत मिनेझिसनं आणलेल्या पेद्रूशी झाली. पेद्रू माझगावच्या गोदीत काम करायचा. माणूस कमी बोलणारा. त्याचा डाव्या हाताचा आडवा ठोसा फार वाईट, तो समोरच्याच्या उजव्या हातावर आणि बरगडीवर बसायचा. पेद्रूनं आयुष्यात पवित्रा बदलला नव्हता, त्याला गरजच पडली नव्हती.

आदल्या दिवशी जाळं उपसताना जोमाच्या उजव्या पंजात शिंगाळ्या माशाचा काटा घुसला. पंजा सुजून काळानिळा झाला. वैद्य म्हणाला, याला आता धक्का बसला तर बोटं कायमची आखडतील. आखडलेल्या बोटांनी कोळ्यानं जाळं कसं ओढायचं? येसूनं त्याला नको म्हणून विनवलं. पण मुंबईच्या बोटीनं माणसं आली होती, अलिबागेहून बैलगाड्या आल्या होत्या. "गेलो न्हाय तर भ्यालो म्हणतील," जोमा म्हणाला. दामाशेटनं मला बजावलं, "पट्टी अशी बांध की कोणाला कळता कामा नये." मी बांधली. मोजा चढवताना जोमाच्या डोळ्यांत पाणी आलं.

घंटा झाली. जोमा उजवा हात हनुवटीशी धरून फक्त डाव्यानं लढत होता. पेद्रूचा तो आडवा ठोसा आला आणि नेमका त्या पंजावर बसला. जोमा पुढे झुकला. पडू नये म्हणून त्यानं पेद्रूला मिठी मारली. दोघं क्षणभर तसेच उभे होते. पेद्रू त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. पंचानं त्यांना सोडवलं.

त्यानंतर पेद्रूनं पाय बदलला. पहिल्यांदाच. उजवा पाय पुढे घेऊन तो उजव्या हातानंच ठोसे मारत राहिला, तेही जोमाच्या धड असलेल्या डाव्या बाजूला. डावा हात गळ्याशी आणून ठेवला तो पुन्हा बाहेर काढलाच नाही. मिनेझिस दोराला धरून ओरडत होता, "डावा मार, डावा!" पेद्रूनं ऐकलंच नाही. लढत बरोबरीत सुटली.

मिनेझिस म्हणाला, दामाशेटनं पैसे चारून पेद्रूला फोडला. दामाशेट म्हणाला, मिनेझिसनं जोमाला फोडला. दोघं पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत.

संध्याकाळी आम्ही बोटीपर्यंत गेलो. पेद्रू फळीवर चढता चढता मागे वळला आणि निरोपाला हात पुढे केला. डावा. जोमानंही डावा दिला. बोट सुटली.

दामाशेट माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं. तो जोमाच्या अगदी जवळ जाऊन हळूच म्हणाला, "खरं सांग, जोमा. त्यानं डावा हात का दिला?"

जोमा लांब जाणाऱ्या बोटीकडे बघत होता.

"डावखुरा असंल," तो म्हणाला.